रिसीव्हरच्या अलीकडे बसवलेल्या ऑप्टिकल रिजनरेटरने नॉइज घटला, पण चुका का घटल्या नाहीत?

प्रश्न

नमस्कार. पदव्युत्तर प्रकल्पासाठी मी १०० किलोमीटरचे २० टप्पे असलेल्या फायबर मार्गाचे सिम्युलेशन करत आहे. चॅनल एकच असून त्यावर ४० गिगाबिट प्रतिसेकंद वेगाचा, प्रकाश चालू-बंद करून पाठवलेला आर-झेड सिग्नल (ज्यात प्रत्येक ‘एका’चा स्पंद बिट संपण्याआधी शून्यावर येतो) आहे. प्रत्येक टप्प्यानंतर एर्बियमयुक्त फायबर अ‍ॅम्प्लिफायर आहे आणि डिस्पर्शन, म्हणजे फायबरमध्ये स्पंदांचे पसरणे, पूर्णपणे भरून काढले आहे. लाँच पॉवर (प्रत्येक टप्प्यात सोडलेली शक्ती) उणे ४ डीबीएम, अ‍ॅम्प्लिफायरचा नॉइज फिगर (तो किती नॉइज मिसळतो याचे माप) ६ डेसिबल. रिसीव्हरच्या लगेच अलीकडे मामिशेव्ह पद्धतीचा रिजनरेटर (सिग्नल प्रकाशरूपातच स्वच्छ करणारे उपकरण) बसवल्यावर आय डायग्राम (सर्व बिट एकावर एक रचून काढलेला आलेख) लक्षणीय उघडला आणि त्यावरून काढलेला क्यू फॅक्टरही (शून्य आणि एक या पातळ्या नॉइजच्या तुलनेत किती दूर आहेत याचे माप) वाढला. मात्र पाठवलेले आणि मिळालेले बिट एकेक करून ताडून पाहिले, तेव्हा चुका जवळपास तेवढ्याच, किंबहुना किंचित जास्त निघाल्या. माझ्या प्रोग्राममध्ये दोष आहे की माझ्या समजुतीत? आणि हे तंत्र इतके उपयुक्त असेल, तर प्रत्यक्षातील जाळ्यांत ते का आढळत नाही?

उत्तर १

आपला प्रोग्राम बहुधा बरोबर आहे आणि बिट मोजण्याची तसदी आपण घेतलीत हे फार चांगले केलेत. रिजनरेटरचा इनपुट-आउटपुट आलेख इंग्रजी एस अक्षरासारखा असतो, म्हणजे शून्याच्या आणि एकाच्या पातळीजवळ तो सपाट असतो आणि मधल्या उंबरठ्यापाशी तीव्र चढाचा असतो. पातळीभोवतीचे लहान चढउतार त्यामुळे दाबले जातात, परंतु नॉइजमुळे जो ‘एक’ उंबरठ्याच्या खाली घसरला आहे, त्याचा या उपकरणातून एक स्वच्छ, नीटनेटका ‘शून्य’ तयार होतो. रिसीव्हरनेही त्या बिटाबद्दल हाच चुकीचा निर्णय घेतला असता, म्हणून चुका तेवढ्याच राहतात. क्यू फॅक्टरवरून चुकांचे प्रमाण काढताना नॉइजचे वितरण गॉसियन आहे असे गृहीत धरलेले असते. अरेषीय उपकरणातून गेल्यावर ते गॉसियन राहत नाही, त्यामुळे वाढलेला क्यू फॅक्टर येथे दिशाभूल करतो.

रिजनरेटरचा खरा उपयोग नॉइज साचू न देण्यात आहे. आपल्या आकड्यांवरून ०.१ नॅनोमीटर बँडविड्थमधील सिग्नल-नॉइज गुणोत्तर २० टप्प्यांनंतर सुमारे १५ डेसिबल येते, तर १० टप्प्यांनंतर सुमारे १८. रिजनरेटर मध्यावर ठेवला, तर प्रत्येक अर्ध्या मार्गाला १८ डेसिबल मिळतात आणि दोन्ही अर्ध्यांतील चुकांची केवळ बेरीज होते. हे गुणोत्तर सुधारले की चुका अतिशय वेगाने, जवळजवळ घातांकी प्रमाणात कमी होतात, त्यामुळे ती बेरीज १५ डेसिबलला होणाऱ्या चुकांपेक्षा पुष्कळच लहान असते. जागा बदलून पाहा.

उत्तर २

वरील विवेचनात एक भर घालतो. मामिशेव्ह यांनी १९९८ साली मांडलेल्या पद्धतीत स्पंद अरेषीय फायबरमधून पाठवला जातो, तेथे स्वकला-मॉड्युलेशनने (स्पंदाच्या स्वतःच्या तीव्रतेमुळे त्याची फेज बदलल्याने) त्याचा वर्णपट रुंदावतो आणि मूळ तरंगलांबीपासून थोडा बाजूला ठेवलेला फिल्टर त्या रुंदावलेल्या वर्णपटाचा एक तुकडा उचलतो. ‘शून्या’तील क्षीण नॉइजचा वर्णपट रुंदावतच नाही, म्हणून फिल्टर त्याला अडवतो. सिग्नलची तरंगलांबी येथे सरकते, याकडे लक्ष असू द्या. मूळ तरंगलांबी हवी असल्यास उलट दिशेला सरकवणारा दुसरा टप्पा लागतो.

ही पद्धत सिग्नल वाढवते आणि त्याला आकार देते, पण बिटांची वेळ नव्याने जुळवत नाही. जिटर, म्हणजे स्पंदांच्या वेळेतील डगमग, तसाच पुढे जातो आणि तो काढायचा असेल तर स्वतंत्र घड्याळ-स्पंद लागतात. सेमीकंडक्टर ऑप्टिकल अ‍ॅम्प्लिफायर वापरण्याचा विचार असेल, तर त्याचा गेन (सिग्नल वाढवण्याची क्षमता) एका स्पंदानंतर पूर्ववत होण्यास दहा-वीसपासून शेकडो पिकोसेकंद लागू शकतात, आणि आपल्या वेगाला एका बिटाच्या वाट्याला २५ पिकोसेकंदच येतात. सिलिका फायबरमधील केर परिणाम (तीव्रतेनुसार अपवर्तनांक बदलणे, ज्यावर मामिशेव्ह पद्धत चालते) मात्र काही फेम्टोसेकंदांत घडतो.

उत्तर ३

आपल्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल. १९८८ सालच्या टॅट-८ या अटलांटिक केबलमध्ये समुद्रतळावर इलेक्ट्रॉनिक रिजनरेटर होते, तर १९९६ पर्यंत पूर्ण झालेल्या टॅट-१२/१३ मध्ये त्यांची जागा एर्बियमयुक्त अ‍ॅम्प्लिफायरांनी घेतली. असा अ‍ॅम्प्लिफायर त्याच्या पट्ट्यातील सर्व तरंगलांबींचे सिग्नल एकदम वाढवतो. ऑप्टिकल रिजनरेटर अरेषीयतेवरच चालतो, म्हणून एकाच फायबरमध्ये अनेक चॅनल घातले की ते एकमेकांना बिघडवतात आणि व्यवहारात चॅनलागणिक वेगळे उपकरण लागते. माझ्या मते अडचणीचे मूळ येथेच आहे.

शिवाय आता माहिती प्रकाशाच्या तीव्रतेबरोबर फेजमध्ये आणि दोन ध्रुवीकरणांतही असते. केवळ तीव्रता सपाट करणारे उपकरण तीव्रतेतील चढउतारांचे फेजमधील नॉइजमध्ये रूपांतर करू शकते. ठरावीक फेजचा प्रकाशच वाढवणारा फेज-संवेदी अ‍ॅम्प्लिफायर हा यावरचा सुंदर उपाय आहे. सामान्य अ‍ॅम्प्लिफायरचा नॉइज फिगर मोठ्या गेनला ३ डेसिबलच्या खाली जात नाही, तर याची तात्त्विक मर्यादा शून्य डेसिबल आहे. साउथॅम्प्टन विद्यापीठाच्या पुढाकाराने २०१० साली दोन फेजच्या सिग्नलचे असे पुनरुत्पादन करून दाखवण्यात आले. मात्र अ‍ॅम्प्लिफायरला ऊर्जा पुरवणाऱ्या पंप लेझरांची फेज सिग्नलशी सतत बांधून ठेवावी लागते आणि १६-क्वाम सारख्या, तीव्रता आणि फेज मिळून १६ अवस्था असलेल्या सिग्नलसाठी हे काम फारच कठीण होते.

एक बाब सहसा दुर्लक्षित राहते. आजचे रिसीव्हर चुका दुरुस्त करताना प्रत्येक बिट उंबरठ्यापासून किती दूर होता, ही माहितीही वापरतात. रिजनरेटर तीच पुसून टाकतो, त्यामुळे रिसीव्हरपाशी बसवल्यास तो अशा प्रणालीचे नुकसानच करील.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. रिजनरेटर १० व्या टप्प्यानंतर हलवल्यावर चुका स्पष्टपणे घटल्या. १८ व्या टप्प्यानंतर ठेवून पाहिले, तेव्हा फारसा फरक पडला नाही, कारण तोपर्यंत बहुतेक चुका होऊन गेलेल्या असतात. दुसऱ्या टप्प्यानंतर ठेवल्यावरही तसेच झाले, कारण पुढच्या १८ टप्प्यांत नॉइज पुन्हा साचतो. अहवालातून क्यू फॅक्टरचा आलेख मी काढून टाकत आहे आणि त्याऐवजी मोजलेल्या चुकांचा देत आहे.