पंतप्रधान अचानक गेले तेव्हा नाशकात काय वातावरण होतं? (अनुभव धागा)

परवा पंचवटीत काकांकडे १९६६ चा विषय निघाला आणि वाटलं हे लिहून ठेवायलाच हवं. तुम्हीही लिहा, घरातल्या मोठ्यांना विचारून लिहा. बातमी आली आणि नवा माणूस ठरला, त्या मधल्या काळात लोक काय बोलत होते ते मला हवंय. सुरुवात काकांपासून करते.

११ जानेवारीला सकाळीच रेडिओवर कळलं की पंतप्रधान शास्त्रीजी ताश्कंदला वारले, आदल्याच दिवशी पाकिस्तानबरोबर करारावर सह्या झाल्या होत्या. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून तिथेच होते आणि ते तर आपले खासदार, नाशिकने बिनविरोध निवडून दिलेले, त्यामुळे गल्लीत पहिला प्रश्न हाच की साहेब कसे आहेत. गुलझारीलाल नंदा हंगामी पंतप्रधान झाले, १९६४ ला नेहरू गेले तेव्हाही तेच झाले होते. मग रोज संध्याकाळी ओट्यावर एकच चर्चा, साहेबांचा नंबर लागतो का. मराठी माणूस पंतप्रधान होणार म्हणून आजोबा तर पेपरवाल्याची वाट बघत दारात उभे असायचे! साहेबांनी शेवटी इंदिराबाईंना पाठिंबा दिला, मोरारजी मात्र अडून बसले म्हणून १९ तारखेला काँग्रेसच्या खासदारांचं मतदान झालं, ३५५ विरुद्ध १६९. काकांना आकडे अजून पाठ आहेत. आजोबांना वाईट वाटलं, पण भांडण रस्त्यावर न येता मतपेटीत मिटलं याचं त्यांना फार कौतुक होतं, आणि मलाही आहे.

ओझरहून लिहितोय. मला १९८४ आठवतं. दिवाळी नुकतीच झालेली, आम्ही पोरं अंगणात क्रिकेट खेळत होतो आणि शेजारच्या काकूंनी बीबीसीवर ऐकलं की इंदिराजी गेल्या. आकाशवाणीने संध्याकाळी सांगितलं, तोवर खरं की खोटं यावरच मोठ्यांची वादावादी चाललेली. त्याच संध्याकाळी राजीव गांधींचा शपथविधी झाला, यावेळी मध्ये हंगामी कोणी नाहीच. वडील म्हणाले एवढी घाई कशाला, पक्षाने आधी रीतसर बैठक घ्यायला हवी होती. आई म्हणाली देश एक रात्रसुद्धा मोकळा ठेवायचा नसतो. मला आजही आईचं पटतं.

आमचंही १९८४ चंच. आमचा ढाबा होता मुंबई आग्रा रोडला, आम्ही शीख. दिल्लीत काय चाललंय ते ट्रकवाल्यांकडून कळत होतं, चुलत्यांचा पत्ता नव्हता आणि फोन लागत नव्हता. शपथ कोणी घेतली याच्याशी आम्हाला काय, नवं सरकार दंगा थांबवतंय का एवढंच पप्पा विचारत होते. शेजारचे मराठा शेतकरी रात्री आमच्या ओसरीवर झोपायला यायचे, कोणी बोलावलं नव्हतं. त्यांच्या घरी अजून आमचं जाणंयेणं आहे.

मी धागा काढणारीच, वरचं वाचून डोळ्यात पाणी आलं. १९६४ चं अजून कोणीच लिहिलं नाहीये. नाशिकरोडला प्रेसमध्ये तेव्हा कामाला असलेलं कोणाच्या घरात असेल तर प्लीज त्यांना विचारा, लवकर विचारा.