शब्दचर्चा : चर्चमधल्या दगडी 'फॉन्ट'ला मराठीत काय म्हणावं?

अनुवादक : इंग्लंडमधल्या हेरेफर्डशायरात अर्डस्ली गावच्या चर्चमध्ये बाराव्या शतकातला कोरीव फॉन्ट, म्हणजे बाप्तिस्म्याचं पाणी ठेवायची दगडी वस्तू, आहे. नुसतं 'फॉन्ट' लिहिलं तर वाचकाला संगणकावरची अक्षरं आठवतील. 'बाप्तिस्माकुंड' चालेल का? कुंड म्हटलं की खाली उतरायचं वाटतं, आणि ही वस्तू तर उभी आहे.

वसईकर : बिनधास्त लिहा. कुंड खोदलेलंच असावं लागत नाही. बाप्तिस्म्यासाठी 'स्नानसंस्कार' हा शब्द आमच्याकडे रुळलेला आहे, पण 'स्नानकुंड' नको. आंघोळीची जागा वाटेल. 'पवित्र पाण्याचं भांडं'ही नको. ते दाराशी भिंतीत बसवलेलं, बोट बुडवून क्रूसाची खूण करण्यासाठी असतं. कुंडही बहुधा दाराजवळच असल्याने गल्लत होते. छपाईचा फॉन्ट वेगळ्या मुळाचा, फ्रेंचमधल्या 'ओतणे' या क्रियापदावरून आलेला. चर्चमधला लॅटिन 'फॉन्स'वरून, म्हणजे झरा.

शिल्प-अभ्यासक : कुंड हा शब्द अख्ख्या वस्तूसाठी राखा आणि वरच्या खोलगट भागाला 'पात्र' म्हणा. नाहीतर 'कुंडावर योद्धे कोरले आहेत' या वाक्यातून कुठे ते कळत नाही. पात्र, खांब, बैठक, पायरी, झाकण असे भाग पाडा. अर्डस्लीचं कुंड चषकाकृती आहे. पात्रावर भाला आणि तलवार घेऊन झुंजणारे दोन योद्धे, मोठा सिंह, आणि नरकातून माणसाला ओढून बाहेर काढणारा ख्रिस्त. मधे वेलीसारखी गुंफण. योद्ध्यांच्या कपड्यांच्या चुण्या समांतर रेषांनी दाखवल्यात, त्या जरूर बघा.

पात्र एवढं मोठं का, तर तेव्हा तान्ह्या बाळाला पाण्यात बुडवत. आत शिशाचा पत्रा असतो, कारण दगड पाणी शोषतो. पत्रा फाटला की ओल दगडात शिरते, क्षार पृष्ठभागावर येतात आणि कोरीवकामाचे पापुद्रे सुटतात. तळाच्या भोकातून मंतरलेलं पाणी थेट खालच्या जमिनीत मुरतं.

अनुवादक : दुसऱ्या एका कुंडाच्या काठाचे समोरासमोरचे दोन टवके उडालेत. 'मूर्तिभंजकांनी फोडलेलं' असं लिहू?

शिल्प-अभ्यासक : नका लिहू. पाणी आशीर्वादित करून बरेच दिवस तसंच ठेवत. ते जादूटोण्यासाठी चोरीला जाऊ नये म्हणून 1236 मध्ये कँटरबरीचे आर्चबिशप एडमंड यांनी कुंडांना कुलूप लावायला सांगितलं. झाकण बंद ठेवणाऱ्या आडव्या पट्टीसाठी काठात लोखंडी कड्या शिसं ओतून बसवल्या जात. लोखंड गंजून फुगतं, काठ तडकतो. कडी उपटली तर दगडासकट निघते. टवके समोरासमोर असले तर आधी कड्यांचाच संशय घ्यावा. 'कडीच्या खुणा' लिहा.

मूर्तिभंजक काठाच्या नाही, चेहऱ्यांच्या मागे लागत. पूर्व इंग्लंडातल्या नॉर्फक-सफकमधली पंधराव्या शतकातली अष्टकोनी कुंडं पाहा : सात बाजूंवर चर्चचे सात धार्मिक संस्कार, आठवीवर बहुधा ख्रिस्ताचा बाप्तिस्मा किंवा क्रूसारोहण. कितीतरी ठिकाणी डोकी छिन्नीने तासलेली आहेत, काठ मात्र शाबूत.

वसईकर : मग चित्राखालच्या ओळीत 'भग्न' हा शब्दही जपूनच वापरा. 'काठ तुटलेला' आणि 'चेहरे तासलेले' असं वेगवेगळं लिहा.