पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडायचा कसा? (खानापूर तालुका, सांगली)

येरळाकाठ:
नमस्कार मंडळी. आमच्या भागाच्या आमदारांनी आढावा बैठकीत दोन गोष्टी ठासून मांडल्या. टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी आलं म्हणून गावानं पाणी मोजायचं सोडू नये, आणि पाणीपट्टीचा जमाखर्च ग्रामसभेत वाचून दाखवल्याशिवाय नव्या कामाची मागणी घेऊन येऊ नये. म्हणणं पटतं. पण पाण्याचा ताळेबंद, म्हणजे गावाला किती पाणी मिळतं आणि किती खर्च होतं याचा हिशोब, आमच्याकडे म्हणजे शाळेच्या भिंतीवर एकदा रंगवलेला तक्ता, त्यातले आकडे कुठून आले हे कुणालाच सांगता येत नाही. लोकसंख्या २५००, भौगोलिक क्षेत्र साधारण १००० हेक्टर, निम्मं शिवार टेंभूच्या लाभात, ऊस दरवर्षी वाढतोय. ताळेबंद खरा कसा करायचा? थकबाकीचं काय करायचं? आणि आमदारांनी आम्हाला विचारलं तसं आम्ही त्यांना काय विचारायचं?

पाणलोट_माणदेश:
१ हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १० घनमीटर पाणी, एवढं एक सूत्र लक्षात ठेवा. ५०० मिलिमीटर पाऊस धरला तर तुमच्या शिवारात ५० लाख घनमीटर पाणी पडतं. आकडा मोठा दिसतो आणि तक्त्यावर नेमका तोच रंगवला जातो. चूक तिथंच होते. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात त्यातलं ढोबळ ७ ते १३ टक्केच मुरतं. खडक अखंड असेल तर २ टक्क्यांवरही येतं. म्हणजे भूजलाची जमा बाजू साडेतीन ते साडेसहा लाख घनमीटर. नाल्यातून वाहतं ते बंधाऱ्यात जेवढं अडतं तेवढंच तुमचं, आणि बंधाऱ्याची क्षमता धरताना गाळ वजा करा.

आता खर्चाची बाजू. माणशी रोज ५५ लिटरनं २५०० लोकांचं वर्षाचं पिण्याचं पाणी होतं जेमतेम ५० हजार घनमीटर. हजार मोठी जनावरं, रोज ५० लिटर, की आणखी १८ हजार. आणि पाटानं भिजवलेला ऊस हेक्टरी साधारण २० हजार घनमीटर पितो. अख्ख्या गावाचं वर्षभराचं पिण्याचं पाणी म्हणजे सहा एकर ऊस! ही एक ओळ ग्रामसभेत वाचा, चर्चा आपोआप रुळावर येईल. सगळी चर्चा नळावर होते, पाणी मात्र शेतात चाललंय.

टेंभूचं पाणी जमेला धरताना मंजूर आकडा घेऊ नका, मागच्या आवर्तनात (पाणी सोडण्याच्या पाळीत) प्रत्यक्ष मिळालेला घ्या. पिकाचं क्षेत्र सातबाऱ्यावरून न घेता शिवारफेरी करून घ्या, पीकपाहणीत ऊस कमी लागलेला असतो.

विहिरींसाठी सात-आठ निरीक्षण विहिरी नक्की करा. भूजल सर्वेक्षण यंत्रणा जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरला मोजते, तुम्हीही त्याच महिन्यांत मोजा म्हणजे ताडून पाहता येईल. सकाळी, रात्रभर मोटार बंद असताना. कठड्यापासून मोजलं तर कठड्याची उंची वजा करायची; हे विसरल्यानं कित्येक गावांचे आकडे अडीच-तीन फुटांनी चुकलेले असतात. ८ मीटर व्यासाच्या विहिरीत १ मीटर पाणी म्हणजे ५० हजार लिटर, हेही लोकांना सांगा.

हिशोबनीस:
जमाखर्चाचं बोलतो. नमुना ९ म्हणजे कर मागणी नोंदवही. मागील बाकी, चालू मागणी, वसुली, शिल्लक सगळं त्यात असतं. ग्रामसभेत एकूण टक्केवारी न वाचता वॉर्डवार वाचा. पाणीपुरवठ्याचं खातं वेगळं हवं. पाणीपट्टीतून गटाराचं बिल दिलं की वर्षअखेरीस वीजबिलाला पैसे उरत नाहीत, आणि जोडणी तुटल्यावर सरपंच आमदारांकडे धावतात.

दोन ताळे सांगतो, कुणालाही घेता येतील. पहिला टीसीएलचा, म्हणजे पाणी शुद्ध करायच्या ब्लीचिंग पावडरीचा. ३३ टक्के क्लोरीन असलेली पावडर हजार लिटरला ५ ग्रॅम लागते. तुमच्या गावाला रोज १ लाख ३७ हजार लिटर पाणी, म्हणजे महिन्याला २० किलो पावडर. खरेदी वर्षाला १०० किलोच दिसत असेल तर पाणी शुद्ध होत नाही किंवा पुरत नाही, दोन्हींपैकी एक नक्की. शेवटच्या नळाला ओटी चाचणी (पाण्यात उरलेला क्लोरीन मोजायची) घ्या, लिटरला ०.२ मिलिग्रॅम आलंच पाहिजे. पोतं उघडं राहिलं की क्लोरीन उडतो, तेव्हा साठा सहा-सहा महिन्यांचा नको.

दुसरा ताळा विजेचा. साडेसात एचपीची मोटार तासाला साडेसहा-सात युनिट घेते. ताशी २५ हजार लिटर उपसा असेल तर रोज साडेपाच तास, महिन्याला ११०० युनिटांच्या आसपास. बिल दुप्पट येत असेल तर गळती शोधा, नाहीतर मोटार तपासा.

थकबाकी: ग्रामपंचायत अधिनियम १९५८, कलम १२९. आधी बिल, मग मागणीची नोटीस, मग जप्ती. बिल बजावल्याची पोच नसेल तर पुढचं सगळं लटकतं, म्हणून पोच घ्याच. आणि सुरुवात सदस्यांपासून करा. कलम १४ प्रमाणे बिल बजावल्यापासून तीन महिन्यांत कर न भरणारा सदस्य अपात्र ठरतो, प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं. सदस्यांची बाकी शून्य आहे हे पहिल्यांदा वाचून दाखवलं की बाकीचे तोंड उघडत नाहीत.

ग्रामसभेची गणपूर्ती १५ टक्के मतदार किंवा १००, यातली कमी असेल ती. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, त्यामुळे महत्त्वाचा विषय मुद्दाम तहकूब सभेत उरकला जातो. लक्ष ठेवा.

पाटकरी_११:
वरचं सगळं बरोबर, पण आमदारांचं म्हणणं मला अर्धंच पटतं. ग्रामपंचायतीनं हिशोब द्यावा हे ठीक. मात्र टेंभूचं आवर्तन कधी सुटणार, किती दिवस चालणार हे ग्रामपंचायत ठरवत नाही. ते कालवा सल्लागार समितीत ठरतं आणि आमदार त्या समितीत बसतात. १५ ऑक्टोबरचा साठा धरून नियोजन होतं. तेव्हा त्यांना मागायचं ते हे: बैठकीचं इतिवृत्त गावाला द्या, आणि आवर्तन संपल्यावर ठरलेलं पाणी आणि दिलेलं पाणी शेजारी-शेजारी दाखवा. इतिवृत्त नाही मिळालं तर माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज, ३० दिवसांत उत्तर, नाही आलं तर पहिलं अपील.

टेंभूच्या पंपांच्या वीजबिलाचं ८१-१९ सूत्र आहे. ८१ टक्के शासन, १९ टक्के लाभधारक. हा १९ टक्क्यांचा वाटा एकरावर आकारला तर ठिबकवाला आणि पाटानं भिजवणारा सारखेच पैसे भरतात. मग पाणी वाचवायचं कोणी आणि कशाला? २००५ च्या सिंचन व्यवस्थापन कायद्यात पाणी घनमापन पद्धतीनं मोजून पाणी वापर संस्थेला (लाभधारक शेतकऱ्यांच्या संस्थेला) द्यायचं आहे. संस्थेनं कालव्याचा आपला भाग ताब्यात घेण्याआधी संयुक्त पाहणी होते. त्या दिवशी गेट, मोजणीचं साधन, फुटलेलं अस्तरीकरण सगळं लिहून घ्या. सही झाल्यावर दुरुस्ती तुमच्या गळ्यात पडते.

चारीतलं पाणी मोजायला ९० अंशाची व्ही खाच (आडव्या लावलेल्या पत्र्याला पाडलेली व्ही आकाराची खाच) पुरते. खाचेच्या टोकापासून पाणी २० सेंटिमीटर चढलं तर सेकंदाला साधारण २५ लिटर. पट्टी खाचेवरच लावू नका, मागं थोड्या अंतरावर संथ पाण्यात लावा. खाचेजवळ पाणी खाली वळतं आणि आकडा कमी येतो.

येरळाकाठ:
खूप उपयोग झाला. एक राहिलं, नळ योजनेची गळती स्वस्तात कशी पकडायची? मीटर नाहीत.

हिशोबनीस:
दवंडी देऊन रात्री १२ ते ४ सगळे व्हॉल्व्ह बंद करा आणि टाकीची पातळी टेपनं मोजा. ५ मीटर व्यासाची टाकी असेल तर १ सेंटिमीटर घट म्हणजे २०० लिटर. सगळं बंद असून पातळी उतरली तर टाकी गळतेय किंवा व्हॉल्व्ह बसत नाही. नंतर एकेका वॉर्डाचा व्हॉल्व्ह एकेका रात्री उघडा. तोटी नसलेले नळ आधी बंद करून घ्या, नाहीतर सगळं पाणी गळती म्हणून दिसेल. दिवसा पाणी सुटल्यावर नळाला थेट लावलेल्या छोट्या टिल्लू मोटारीही बघा, वरच्या आळीला पाणी न पोहोचायचं कारण बहुधा तेच असतं.

पाणलोट_माणदेश:
@पाटकरी, समान वाटणीचा विषय आपल्या जिल्ह्याला नवा नाही. वाळव्यातून आमदार झालेल्या नागनाथअण्णा नायकवडींनी आटपाडीच्या पाणी चळवळीत १३ दुष्काळी तालुक्यांसाठी मांडलं ते हेच होतं: पाणी आणायचं आणि त्याच वेळी ते कुणाला किती, हेही ठरवायचं. येरळेवरच्या बळीराजा धरणात तर भूमिहीन कुटुंबालाही पाण्याचा वाटा धरला होता. त्यामुळे येरळाकाठ, तुमच्या ताळेबंदात शेवटचा रकाना 'दर कुटुंबाच्या वाट्याला किती' असा ठेवा. ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी निघते, विषयपत्रिकेत 'पाणी ताळेबंद वाचन व वॉर्डवार पाणीपट्टी वसुली' हे शब्द तसेच्या तसे घाला. 'ऐनवेळचे विषय' यात गेलं तर रात्री सभा उठायच्या वेळी वाचलं जातं.