मदत हवी आहे : आंब्याच्या हंगामात यूव्हीनंतरही सांडपाण्यात कोलिफॉर्म उरतात

नमस्कार. रत्नागिरी जिल्ह्यातील आंबा कॅनिंगच्या एका कारखान्यात सांडपाणी प्रक्रिया केंद्राचे काम मी पाहतो. एरेशन (हवा मिसळणे), सेटलिंग (गाळ खाली बसवणे) आणि वाळूचा फिल्टर झाल्यावर पाणी जंतू निकामी करणाऱ्या यूव्ही म्हणजे अतिनील किरणांच्या दिव्यांजवळून जाते, टाकीत साठते आणि मग कारखान्यामागील कलमांना दिले जाते. कामगारांच्या स्वच्छतागृहांचे पाणीही याच केंद्रात येत असल्याने निर्जंतुकीकरण टाळता येत नाही. क्लोरीन मात्र आम्ही मुद्दाम वापरत नाही, कारण सेंद्रिय पदार्थ उरलेल्या पाण्यात त्यापासून ट्रायहॅलोमिथेनसारखी घातक संयुगे तयार होतात आणि हे पाणी अखेर जमिनीतच मुरणार असते.

एप्रिलच्या आरंभी टाकीतील नमुन्याचा अहवाल चांगला आला होता. मे महिन्यात दोन पाळ्यांत पल्पिंग सुरू झाल्यावर बाठे आणि साली धुतलेले पिवळसर पाणी वाढले आणि तेव्हापासून प्रत्येक अहवालात फीकल कोलिफॉर्म, म्हणजे विष्ठेतून येणारे जिवाणू, आढळत आहेत. एक सेंटिमीटर पाण्यातून यूव्ही दिव्यांचा २५४ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश एप्रिलमध्ये ६५ टक्के पार होत होता, तो आता ४० टक्क्यांवर आला आहे. हा फरक वाटतो त्याहून बराच मोठा आहे, कारण तीन सेंटिमीटर अंतरावर तेव्हा सुमारे २७ टक्के प्रकाश पोहोचत होता आणि आता जेमतेम ६ टक्के पोहोचतो. बोअरच्या पाण्यातील लोहाचा तांबूस थर दिव्यांभोवतीच्या क्वार्ट्झच्या नळ्यांवर बसतो. तो आम्ही दर आठवड्याला सायट्रिक ॲसिडने काढतो.

पुरवठादार दिवे दुप्पट करण्यास सांगत आहेत. एवढा खर्च करण्यापूर्वी दोष विरघळलेल्या रंगाचा आहे की तरंगत्या कणांचा, हे कसे ओळखावे?

प्रतिसाद : नमुना ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून पारगम्यता, म्हणजे प्रकाश पार होण्याचे प्रमाण, पुन्हा मोजा. ती बरीच वाढली तर कणांमुळे प्रकाश अडतो आहे, आणि कणांच्या आत दडलेले जिवाणू दिवे वाढवूनही मरत नाहीत. तेथे सेटलिंग आणि फिल्टर सुधारावे लागतील. ती फारशी वाढली नाही तर रंग विरघळलेला आहे, म्हणून सक्रिय कोळशाची लहान चाचणी घेऊन पाहावी. मला मात्र आपल्या टाकीचीच अधिक शंका येते. ती उघडी असल्यास यूव्हीने निकामी झालेले काही जिवाणू उजेडात आपला डीएनए दुरुस्त करून पुन्हा वाढू लागतात. म्हणून एक नमुना थेट यूव्हीच्या निर्गमावर, म्हणजे पाणी दिव्यांजवळून बाहेर पडते तेथे, काळ्या कागदात गुंडाळलेल्या बाटलीत घ्या, त्याच वेळी दुसरा टाकीतून घ्या, आणि दोन्ही आकडे येथे द्या.