प्रतिसाद: हूकअप रोज हवंच कशाला?

वर एकांनी लिहिलंय की कॅम्पग्राउंडलाच रोज पन्नास-साठ डॉलर जातात, मग आरव्हीत, म्हणजे घरासारख्या गाडीत, राहून वाचलं काय? मुद्दा रास्त आहे, पण ते पैसे हूकअपचे, म्हणजे गाडीला वीज-पाणी-सांडपाण्याची जोडणी देणाऱ्या जागेचे, आणि ते रोज लागतंच असं नाही.

ॲरिझोनात क्वार्ट्झसाइटजवळ ला पोसाला बीएलएमची (ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट), म्हणजे अमेरिकेची सरकारी जमीन आहे. १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल असे सात महिने राहायचा परवाना १८० डॉलर. पाणी भरणं, सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्या करणं, कचरा, सगळं त्यातच. वीज मात्र नाही. सोलर आपलं आपण बघायचं. तो परवानाही नको असेल तर बीएलएमच्या बऱ्याचशा मोकळ्या जमिनीवर १४ दिवस फुकट राहता येतं, मग मुक्काम हलवायचा.

आणि हलवणं आलं की डिझेल आलं. खरा खिसा तिथेच कापला जातो. म्हणून एका जागी जास्त दिवस थांबा, आणि रस्त्यावर ताशी ६० मैलांच्या वर जाऊ नका. मागचे हॉर्न वाजवतील, वाजवू देत.

प्रोपेन, म्हणजे गाडीतला स्वयंपाकाचा गॅस, वाचवायला आपला कुकर झकास! डाळ-भात एकदम लावायचा, तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद. उघड्या पातेल्यात शिजवलंत तर थंडीत खिडक्यांवरून पाणी ओघळतं, गादीसुद्धा दमट होते. ताटं आधी कागदाने पुसून मग धुवा, पाण्याची टाकी दोन दिवस जास्त पुरते.