शब्दचर्चा : ‘कोसा’ म्हणजे कापड की किड्याचं घर?

प्रश्न : भंडाऱ्याच्या साडीला दुकानदार ‘कोसा’ म्हणाला. शब्दकोशात कोसा म्हणजे रेशमाच्या किड्याचं घर. मग खरं काय? आणि ‘टसर’ म्हणून जे रेशीम विकतात, ते वेगळं का?

उत्तर : दोन्ही खरं, ताई. माझं आजोळ गडचिरोली जिल्ह्यातलं, आरमोरीकडचं. तिकडे ऐनाच्या झाडाच्या फांदीला लटकतो तो कोसा, त्याचं सूत कोसा आणि लुगडंही कोसाच. मूळ संस्कृत ‘कोश’. रेशमी वस्त्राला ‘कौशेय’ म्हणतात ते त्यावरूनच, पाणिनीने त्यासाठी वेगळं सूत्र दिलंय. ‘टसर’ मात्र ‘तसर’वरून, म्हणजे विणकराचा धोटा, मागावर आडवा धागा नेणारा. ऋग्वेदाच्या १०व्या मंडलात हा शब्द आहे. एक नाव किड्याकडून आलं, दुसरं मागाकडून, माल एकच. मला कोसा जवळचा, त्यात झाड दिसतं.

प्रश्न : आणि आतून निघतं ते फुलपाखरू ना?

उत्तर : नाही, पतंग. आजोळी नुसतं ‘पाखरू’ म्हणतात. अंड्यातून ८-१० दिवसांत अळी निघते. ऐन, अर्जुनाचा पाला खात, चार वेळा कात टाकत महिना-सव्वा महिन्यात बोटाहून जाड, हिरवीगार होते. मग आधी फांदीभोवती रेशमाची कडी घालते, कडीला देठ, देठाला कोसा. अंड्याच्या घाटाचा, कवचासारखा टणक. पावसाळ्यानंतर विणलेल्या कोशात आतला जीव पुढच्या पावसापर्यंत पडून राहतो.

मामी कोसा कानाशी नेऊन हलवायची. जड आणि गप्प असला तर आत जीव आहे, खुळखुळला तर वाळलाय. वेळ भरली की देठाकडचं टोक ओलं होतं. पाखराच्या तोंडातल्या रसाने तिथलं सूत सैल पडतं आणि ते अंग सोडवून बाहेर येतं. पंख पसरले की वीतभर, प्रत्येक पंखावर भिंगासारखा आरपार दिसणारा डोळा! त्याला खाता येत नाही. अळीपणी खाल्लेल्या पाल्यावरच आठवडाभर जगतं, जोडी जमते, मादी अंडी घालते, संपलं.

असा फुटलेला कोसा मग सलग उकलत नाही, हाताने कातावा लागतो. सूत जाडंभरडं निघतं. तुमच्या साडीत मध्येच जाड-बारीक धागा लागला तर तो दोष समजून परत करू नका, ताई. त्या कोशातून बहुधा पाखरू उडून गेलंय.