सांडपाण्याच्या पुनर्वापराचं क्रेडिट: जालना एमआयडीसी

प्रश्न: पालिकेच्या एसटीपीचं (सांडपाणी शुद्धीकरण केंद्राचं) पाणी कूलिंग टॉवरला घ्यायचा विचार आहे. ग्रीन क्रेडिट (पर्यावरणपूरक कामासाठी केंद्राच्या योजनेत मिळणारे गुण) मिळंल का?

उत्तर १: 2023 च्या ग्रीन क्रेडिट नियमांत पाण्याचा पुनर्वापर आहे, पण फेब्रुवारी 2024 ला मोजणीची पद्धत आली ती झाडांसाठी. क्रेडिटच्या भरवशावर पाइपलाइनचं गणित मांडू नका, टँकरचा खर्च किती वाचतो ते बघा. नोंदी मात्र आजपासून ठेवा. मॅग्नेटिक फ्लोमीटर (पाइपातून किती पाणी गेलं ते मोजणारं मीटर) तुमच्या गेटवर बसवा. एसटीपीवरचा आकडा गळतीसकट असतो. मीटरआधी पाइपच्या व्यासाच्या पाचपट, नंतर तीनपट सरळ पाइप हवा. पाइप अर्धवट भरून वाहिला की रीडिंग खोटं!

उत्तर २: सर, बीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) 10 दिसला की सगळे खूश होतात, अमोनिया कुणी बघत नाही. जंतू मारायला क्लोरीन टाकलं की ते आधी अमोनियातच खर्च होतं: 1 मिलिग्रॅम अमोनियाला 8 ते 10 मिलिग्रॅम क्लोरीन लागतं. म्हणजे लिटरला 20 मिलिग्रॅम अमोनिया असला तर क्लोरीन 160 च्या पुढं. शिवाय अमोनियानं पितळी ट्यूबा तडकतात. नायट्रिफिकेशन (जिवाणूंकडून अमोनियाचं नायट्रेट होणं) एसटीपीतच झालं पाहिजे, करारात तसं लिहून घ्या.

प्रश्नकर्ता: औष्णिक वीज केंद्रांना एसटीपीचं पाणी वापरायची सक्ती आहे ना?

उत्तर १: हो, 2016 च्या टॅरिफ पॉलिसीत (केंद्राच्या वीजदर धोरणात), 50 किलोमीटरच्या आत एसटीपी असेल तर. ते तुम्हाला लागू नाही.